विश्लेषण : 'केस गळतायत, म्हणून खात नाही' हा समज सशाच्या जिवावर का बेतू शकतो?

हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला, की ससा पाळणाऱ्या घरांत केसांचा मोसम सुरू होतो. सोफ्यावर, शाळेच्या गणवेशावर, पंख्याच्या पात्यावर, अगदी डाळीच्या डब्याच्या झाकणावरही मऊ केसांचे पुंजके सापडू लागतात. याच दिवसांत ससा एखाद्या संध्याकाळी समोर ठेवलेली कोथिंबीर हुंगून मागे फिरतो आणि घरात कोणीतरी म्हणते, 'केस गेले असतील पोटात, उद्या खाईल.' बहुतेक वेळा हे बोलणारा माणूस प्रेमळ असतो. पण सशाच्या बाबतीत 'उद्या' ही फार लांबची गोष्ट आहे.

हे अनुभवाने लिहितो आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या घरातली अडीच किलोची पांढरी ससीण एका शुक्रवारी रात्री जेवली नाही. अंगावरून हात फिरवला तर मूठभर केस हातात आले, त्यामुळे कारण सापडले असे वाटून आम्ही झोपलो. शनिवारी पिंजऱ्यात लेंड्या जवळजवळ नव्हत्या. ओळखीतल्या एकाने अननसाचा रस पाजायला सांगितले, तो पाजला. दोन दवाखान्यांना फोन केले. एकाने 'आम्ही कुत्री-मांजरे बघतो' असे सांगितले, दुसऱ्याने 'सोमवारी घेऊन या' म्हटले. रविवारी पहाटे तिचे कान थंड लागले आणि आठच्या सुमारास ती गेली. दोष फक्त दवाखान्यांवर टाकून चालणार नाही. तिच्या वाडग्यात वर्षभर दुकानातले दाणेदार खाद्य आणि गाजर असायचे, आणि गवत असायचे ते फक्त पिंजऱ्यात अंथरायला.

केस गळतात कशाने?

केस गळणे हा आजार नाही. ससा ठरावीक काळाने जुने केस टाकतो आणि खालून नवे येतात. याचे मुख्य नियंत्रण दिवसाच्या लांबीकडे असते आणि तापमानाचाही हातभार लागतो. थंड प्रदेशांत वर्षातून दोन ठळक मोसम दिसतात. आपल्याकडे उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांच्या लांबीत तेवढा फरक नसतो, शिवाय घरातला ससा रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइटखाली बसलेला असतो. त्यामुळे शहरातल्या अनेक सशांचे केस थोडे थोडे वर्षभर गळत राहतात आणि मधेच दोन-तीन आठवडे एकदम भरती येते. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे बाळकेस जातात, तेव्हा पहिल्यांदाच ससा आणलेली घरे घाबरतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

नेहमीच्या केसगळतीत केस फुंकून बाजूला केले, तर खाली बारीक नवे केस दिसतात आणि कातडी स्वच्छ, गुलाबी असते. काही सशांच्या अंगावर नव्या-जुन्या केसांची स्पष्ट रेघ सरकताना दिसते. याउलट नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या कडांवर, पंजांवर राखाडी-पांढरी खपली धरली असेल, ससा सारखा खाजवत असेल, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. कानात आत तपकिरी पापुद्र्यांचे थर दिसले तर कानातले माइट. गोल चकंदळ पडून तिथली कातडी कोरडी झाली असेल तर नायटा, आणि तो मुलांना लागू शकतो. मानेवर, पाठीवर कोंड्यासारखे काही हलताना दिसले तर तेही माइटच. ही सगळी दुखणी वेळेवर दाखवली तर बरी होतात. मादी स्वतःच्या गळ्याखालचे केस उपटून तोंडात धरून कोपऱ्यात नेत असेल, तर ती घरटे बांधते आहे. दुकानदाराने 'दोन्ही माद्या आहेत' असे सांगून दिलेली जोडी घरात असेल, तर हा क्षण फारच लवकर येतो.

केस पोटात गेले, मग बिघडते काय?

खरा गोंधळ इथे आहे. ससा दिवसाचा बराच वेळ स्वतःला चाटून स्वच्छ करतो, त्यामुळे त्याच्या पोटात केस असणे ही रोजची बाब आहे. धडधाकट सशाच्या जठरातही केस सापडतात. मांजर केसांचा गोळा ओकून टाकते, सशाला ओकता येत नाही. गिळलेले सगळे त्याला पुढेच ढकलावे लागते, आणि ते ढकलण्याचे काम करतो तो गवतातला लांब, चिवट चोथा. चोथा भरपूर आणि पाणी पुरेसे असेल, तर केस लेंड्यांतून निघून जातात. केसांच्या मोसमात लेंड्या मण्यांच्या माळेसारख्या एकमेकींना केसांनी जोडलेल्या दिसतात, त्या अशा.

चोथा कमी पडला, ससा पाणी कमी प्याला, कुठे दुखत असले, घरात पाहुण्यांचा किंवा फटाक्यांचा गोंगाट झाला, तर आतड्यांची हालचाल मंदावते. पोटातल्या पदार्थातले पाणी शोषले जाते आणि अन्न व केस मिळून घट्ट लगदा होतो. आंधळ्या आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल बिघडतो, वायू धरतो, पोट दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. पशुवैद्यक याला जठर-आतड्यांचे स्तंभन म्हणतात, इंग्रजी नावाने 'जीआय स्टॅसिस'. पूर्वी असा ससा मेल्यावर पोट उघडले की केसांचा गोळा दिसायचा आणि त्यालाच गुन्हेगार ठरवले जायचे. आता बहुतांश प्रकरणांत उलटे मानले जाते. आतडी आधी थांबतात आणि गोळा नंतर होतो. केस साक्षीदार असतात, गुन्हा बहुधा वाडग्यात घडलेला असतो.

अननसाच्या किंवा पपईच्या रसाचा सल्ला याच जुन्या समजुतीतून आला. या फळांतली विकरे प्रथिने फोडतात हे खरे, पण केस ज्या केराटिनचे बनलेले असतात ते त्यांना दाद देत नाही. केस विरघळत नाहीत, उलट फळातली साखर आधीच बिघडलेल्या पोटात जाते. मी तो रस चमच्याने पाजला होता, आणि आपण काहीतरी करतो आहोत या समाधानात अर्धा दिवस घालवला होता.

उपाशीपणाचे दुसरे संकट यकृताचे. सशाचे शरीर सतत थोडे थोडे खाण्यासाठी बनलेले आहे. खाणे थांबले की शरीर साठवलेली चरबी वापरू लागते आणि ती यकृतात साचते. जाड सशात हे फार वेगाने होते. म्हणूनच सशाने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ते तातडीचे दुखणे समजावे. कुत्र्याने एक दिवस जेवण सोडणे आणि सशाने सोडणे यांत तुलनाच होऊ शकत नाही.

वाडग्यात मग असावे काय?

मोठ्या सशाच्या आहाराचा 80 टक्क्यांहून अधिक भाग गवत असावे आणि ते चोवीस तास समोर असावे. त्याचे कारण फक्त पोटाचे नाही. सशाचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. गवत आडवे-तिडवे चघळताना त्या झिजतात. गवत नसेल तर दाढांना धारदार टोके येतात, जीभ-गाल सोलवटतात, तोंडातून लाळ गळते आणि ससा खाणे सोडतो. म्हणजे फिरून तेच स्तंभन.

पाकिटात मिळणारे परदेशी टिमथी गवत उत्तम, पण महाग. 'आम्हाला परवडत नाही' हे मी अनेकांकडून ऐकले आहे. परवडणारा पर्याय आपल्या पायाखाली आहे. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा, ससे आवडीने खातात. माळावरचे मारवेलसारखे गवत पावसाळ्यानंतर कापून सावलीत वाळवले तर महिनोन्महिने टिकते. गावाकडे नातेवाईक असणाऱ्यांनी आंब्याच्या पेटीबरोबर एक पोते गवतही मागवावे, कोणी हसले तर हसू द्यावे. मात्र फवारणी झालेल्या बांधावरचे, रस्त्याकडेचे किंवा सोसायटीच्या लॉनवरचे गवत नको. आणि पावसाळ्यात दमट वास आलेले, बुरशी धरलेले गवत फेकूनच द्यावे. लसूणघास पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला त्यातले कॅल्शियम आणि प्रथिने जास्त होतात आणि लघवीत खडूसारखा गाळ येऊ लागतो.

पालेभाजीत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला चालतो. गाजर स्वतः मात्र खाऊ आहे, जेवण नव्हे. चित्रातल्या सशाने गाजराची एवढी जाहिरात केली आहे, की हे कोणाला पटत नाही. पोळी, बिस्किटे, ब्रेड, भिजवलेले हरभरे हे सगळे 'आवडीने खातो' म्हणून दिले जाते. आवडीने तर आपणही वडापाव खातो. पाण्याची नळीची बाटली असली तरी जवळ मातीचे जड भांडे ठेवावे, भांड्यातून ससे जास्त पाणी पितात. केसांच्या दिवसांत पालेभाजी धुऊन न झटकता ओलीच द्यावी.

विंचरणे हवे, आंघोळ नको

भरतीच्या दिवसांत रोज दहा मिनिटे विंचरणे हा गिळले जाणारे केस कमी करण्याचा साधा मार्ग. सशाची कातडी पातळ असते, मांजरीसाठीचे धारदार ब्रश ती फाडू शकतात. मऊ रबरी ब्रश किंवा किंचित ओला केलेला हात पुरतो. ससा मांडीवर घेण्याऐवजी जमिनीवर सतरंजी घालून तिच्यावर बसवावा. घाबरून त्याने मागच्या पायांचा जोरात झटका दिला, तर त्याच्याच ताकदीने पाठीचा कणा मोडू शकतो. अंगोरासारख्या लांब केसांच्या सशाला विंचरून भागत नाही, त्याचे केस वरचेवर कापावेच लागतात. फोटो पाहून अंगोरा घेणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा, मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्याचाही करावा. सशाला घाम जवळजवळ येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याची तगमग सुरू होते. ओले केलेले कान, फरशीचा थंड तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली यांनी दुपार निभावते.

केस पटकन निघावेत म्हणून सशाला टबात बुडवून शाम्पू लावणारे व्हिडीओ समाजमाध्यमांवर फिरत असतात. त्यात तो शांत पडलेला दिसतो आणि खाली लोक 'किती गोड' लिहितात. तो शांत नसतो, भीतीने गोठलेला असतो. ओल्या सशाचे दाट केस तासन्‌तास वाळत नाहीत, अंगातली उष्णता झपाट्याने उतरते आणि त्या धक्क्याने काही ससे दगावतात. मागचा भाग लेंडी-लघवीने माखला असेल तर तेवढाच कोमट पाण्याने पुसून लगेच कोरडा करावा. आणि तो का माखला, हे शोधावे. ससा रात्री-पहाटे मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, त्या त्याचे पोषण आहेत. लठ्ठ किंवा संधिवात झालेल्या सशाला तिथवर तोंड नेता येत नाही. पावसाळ्यात अशा ओल्या जागी माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. जून ते सप्टेंबर रोज एकदा शेपटीखाली बघणे आवश्यक आहे.

खाणे थांबले तर त्या रात्री काय करायचे?

आधी लेंड्या बघायच्या. निरोगी ससा दिवसाला शंभराहून जास्त, हरभऱ्याएवढ्या, चुरल्यावर गवताचा भुगा दिसेल अशा लेंड्या टाकतो. त्या बारीक, कडक, काळपट झाल्या की खाणे थांबण्याच्या आधीच इशारा मिळालेला असतो. मग बसण्याची पद्धत. पाठ कुबडी करून, डोळे अर्धे मिटून, दात कराकरा वाजवत बसलेला किंवा पोट पुन्हा पुन्हा जमिनीला दाबणारा ससा वेदनेत असतो. शिकार होणारा प्राणी दुखणे लपवतो. सशाचे आजारपण दिसू लागते तेव्हा ते बरेच पुढे गेलेले असते.

कान हाताला थंड लागले तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवावी. सशाचे शरीर साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असते, ते 38 च्या खाली घसरणे गंभीर मानतात. पोट ढोलासारखे ताणलेले नसेल, तर दाणेदार खाद्य कोमट पाण्यात भिजवून, गाळून सुईविना सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडे थोडे भरवता येते, पण तेही शक्यतो डॉक्टरांना फोनवर विचारून. पोट ताणलेले, ससा एकाएकी निपचित पडलेला असेल, तर काहीही भरवू नये. तेव्हा केसांचा किंवा इतर कशाचा घट्ट बोळा आतड्यात अडकलेला असू शकतो आणि वरून भरवलेले त्याला मारेल. असे अडकणे स्तंभनाइतके वारंवार होत नाही, पण त्याला तासांचाही अवधी नसतो. घरी दोन्हींतला फरक खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून दवाखाना हेच उत्तर. तिथे एक्स-रे, सलाईन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेदनाशामक मिळते. वेदना थांबल्यावरच बहुतेक ससे पुन्हा तोंड उघडतात. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र कपाटातच राहू द्याव्यात.

दवाखान्यात गेल्यावरही मालकाने थोडे माहीत असावे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे तोंडावाटे दिली, किंवा क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन दिली, तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरून विषारी जिवाणू माजतात आणि तो त्यातच दगावू शकतो. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी टाकतात ते फिप्रोनिलचे थेंब सशाला घातक आहेत. शस्त्रक्रियेआधी 'रात्रभर उपाशी ठेवा' हा नियम ओकू शकणाऱ्या प्राण्यांसाठी आहे, सशाला उपाशी ठेवण्याने अपायच होतो. डॉक्टरांना हे विचारणे उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही, आणि रागावला तर दुसरा शोधावा.

दवाखान्यांचे आणि बाजाराचे काय?

आपल्या पशुवैद्यकीय शिक्षणाचा भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यावर राहिला, आणि शेतीप्रधान राज्यात ते स्वाभाविकही होते. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना 1886 ची, तेव्हा फ्लॅटमधल्या सशाचा विचार कोणी कशाला करेल? पुढे शहरांत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वाढले. ससा मात्र दोन्हींच्या मधे राहिला. मुंबई-पुण्यात सशावर उपचार करणारे जाणकार डॉक्टर आहेत, पण जिल्ह्याच्या ठिकाणी शोधाशोध करावी लागते. ती शोधाशोध ससा आजारी पडल्यावर सुरू करणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

बाजाराकडे मात्र स्वाभाविकतेची सबब नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा 1960 चा. त्याखालच्या 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत सशाचा स्पष्ट उल्लेख आहे. दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आईचे दूध न सुटलेले पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात आठवडी बाजारात आणि रस्त्यावरच्या पिंजऱ्यांत मुठीत मावणारी पिल्ले 'एवढाच राहतो' म्हणून विकली जातात. त्यांनी आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ राहायला हवे. त्याआधी तुटलेले पिल्लू घरी येते, त्याला गाजर दिले जाते, जुलाब होतात आणि आठवड्यात ते मरते. मग मुलाची समजूत काढायला दुसरे आणले जाते, कारण ते स्वस्त असते. ससा आठ-दहा वर्षे जगू शकतो. मादीची नसबंदी केली नाही, तर वयाच्या चौथ्या वर्षानंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो. ही दोन वाक्ये विकताना कोणी सांगत नाही, कारण ती सांगितली तर विक्री कमी होईल. सशाबरोबर मराठीत छापलेला एक कागद देणे दुकानांवर बंधनकारक करावे, असे मला वाटते. त्यावर गवत, बारा तासांची मर्यादा, घातक औषधे आणि जवळच्या जाणकार डॉक्टरचा पत्ता एवढे असले तरी पुरे. याला सरकारचा एक रुपयाही लागत नाही.

आता आमच्याकडे एक राखाडी ससा आहे, कोणीतरी शिक्षण संपल्यावर सोडून गेलेला. फ्रिजवर दोन दवाखान्यांचे क्रमांक चिकटवलेले आहेत, त्यातला एक रात्री फोन घेतो. यंदा मार्चमध्ये केसांच्या भरतीत एका रात्री त्याने पुदिना नाकारला. सकाळपासूनच्या लेंड्या बारीक झाल्या होत्या, ते दुपारीच लक्षात आले होते. साडेनऊला फोन केला, अकरा वाजता आम्ही दवाखान्यात होतो. वेदनाशामकाचे इंजेक्शन, कातडीखाली सलाईन, आणि घरी रात्री दर तीन तासांनी सिरिंजने भरवणे. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास कोपऱ्यात पाच लेंड्या पडल्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या. मुलीने त्या मोजून शाळेच्या वहीत लिहून ठेवल्या आहेत.